पाठविलेला आणि निवडलेला

जानेवारी उजाडला की दिल्लीतील मराठी बिऱ्हाडांत पाहुण्यांची वर्दळ सुरू होते. कोणाचा भाचा प्रजासत्ताक दिनाचे संचलन पाहावयास येतो, कोणाच्या गावची शाळा सहलीला येते, आणि आपल्यासारख्या नोकरीपायी येथे येऊन पडलेल्या माणसाकडे वाटाड्याचे काम आपोआप चालत येते. हे काम मला आवडते. ज्या रस्त्यांवरून आपण रोज घड्याळाकडे डोळे लावून जातो, ते रस्ते मुलांच्या सोबतीने पुन्हा एकदा राजधानीचे रस्ते होतात.

अशाच एका जानेवारीत मी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीबरोबर हिंडत होतो. शाळाशाळांतून एकेक विद्यार्थी निवडून ती तुकडी केलेली होती. इंडिया गेटवर कोरलेली नावे वाचता वाचता त्यांतील एका मुलीने मला विचारले, "काका, आमच्या वर्गात चाळीसजण आहेत. आले मी एकटीच. परत गेल्यावर बाकीच्यांना मी काय सांगू?" मी घाईघाईने म्हणालो, "दिल्ली पाहिली असं सांग." ती मुलगी सुसंस्कृत होती. तिने मान डोलावली आणि पुढे काही विचारले नाही. परंतु आपण उत्तर दिले नाही हे तिच्याइतकेच मलाही कळून चुकले होते.

पुढे त्या प्रश्नाचा विचार मनात घोळत असताना अमेरिकेतील एका उपक्रमाची हकीकत माझ्या वाचनात आली. तेथील ग्रामीण वीज सहकारी संस्था दरवर्षी जून महिन्यात आपापल्या भागातील माध्यमिक शाळांतून विद्यार्थी निवडतात आणि आठवडाभरासाठी स्वखर्चाने वॉशिंग्टनला पाठवितात. सोळा-सतरा वर्षांची ही मुले. कोठे निबंध लिहवून घेतात, कोठे मुलाखत घेतात, कोठे सहकाराच्या तत्त्वांवर प्रश्न विचारतात. राजधानीत ही मुले स्मारके पाहतात, आपल्या भागाच्या लोकप्रतिनिधींना भेटतात, आणि देशभरातील सर्व तुकड्या एके दिवशी एकत्र जमतात. शेवटी प्रत्येक राज्यातून एकाची युवक नेतृत्व मंडळावर निवड होते. उपक्रमाचा हेतू उघड आहे: उद्याचे नेते घडविणे.

या उपक्रमाच्या मागचा इतिहास आपल्यापैकी ज्यांचे बालपण कंदिलाच्या उजेडात गेले, त्यांना परका वाटणार नाही. १९३५ च्या सुमारास अमेरिकेच्या शहरांत विजेचा झगमगाट होता, पण दहापैकी नऊ शेतकरी कुटुंबे अंधारात होती. मैलभर खांब रोवावेत तेव्हा दोन-तीन घरे लागणार. अशा ठिकाणी खासगी कंपन्यांना नफा दिसत नव्हता. १९३५ साली अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ग्रामीण विद्युतीकरणासाठी स्वतंत्र खाते निर्माण केले आणि १९३६ साली त्यासाठी कायदा झाला. सरकारने कर्ज द्यावे आणि शेतकऱ्यांनी स्वतःची संस्था काढून तारा ओढाव्यात, अशी ती योजना होती. पाच डॉलर सभासद-वर्गणी जमविण्यासाठी माणसे घरोघर फिरली. टेक्सासच्या डोंगराळ भागात वस्ती इतकी विरळ होती की कर्जाचे नियमच आड येऊ लागले. तेव्हा त्या भागाचे तरुण लोकप्रतिनिधी लिंडन जॉन्सन यांनी थेट रूझवेल्ट यांच्याकडे रदबदली केली आणि १९३८ साली पेडर्नेलेस नदीच्या नावाची वीज सहकारी संस्था उभी राहिली. विहिरीचे पाणी खांद्यावरून वाहणाऱ्या आणि निखाऱ्यांवर तापविलेल्या जड इस्त्रीने हात पोळून घेणाऱ्या तेथील बायकांच्या दृष्टीने हा केवळ दिव्यांचा प्रश्न नव्हता.

पुढे १९५७ साली शिकागो येथे या संस्थांच्या महासंघाच्या वार्षिक अधिवेशनात बोलताना याच जॉन्सन यांनी, ते तेव्हा सिनेटर होते, असा विचार मांडला की खेड्यांतील मुलांना राजधानीत पाठवावे आणि आपला ध्वज कशाचे प्रतीक आहे ते त्यांना प्रत्यक्ष पाहू द्यावे. लगेच १९५८ साली आयोवा राज्यातून चौतीस मुलांची पहिली तुकडी बसने वॉशिंग्टनला गेली. त्याच वर्षी इलिनॉयमधूनही एक बस आली. १९६४ पासून महासंघाने सर्व राज्यांच्या सहलींची एकत्र आखणी सुरू केली, तेव्हा बारा राज्यांतून सुमारे चारशे मुले आली होती. आता ही संख्या दीड-दोन हजारांच्या घरात गेली आहे.

येथवर सर्व ठीक. परंतु हकीकत वाचून संपल्यावर त्या मुलीचा प्रश्न पुन्हा पुढे उभा राहिला, आणि या वेळी तो अधिक अवघड झाला होता. सहकारी संस्थेचा पाया समतेचा. ज्याच्या घरी दोन दिवे आहेत त्याला एक मत आणि ज्याच्या गोठ्यात दूध काढण्याची यंत्रे चालतात त्यालाही एकच मत, या नियमावर ती उभी असते. भांडवलाला तेथे मान नाही, माणसाला आहे. अशी संस्था शेकडो सभासदांच्या मुलांतून एकाला वेचून काढते, सर्वांच्या पैशाने त्याला राजधानी दाखविते आणि नेतृत्वाचा टिळा त्याच्या कपाळी लावते, तेव्हा ती आपल्याच पायावर घाव घालीत नाही काय?

यावर पहिले उत्तर सुचते ते गुणवत्तेचे. जो लायक त्याला संधी, यात अन्याय कसला? पण सोळा वर्षांच्या मुलाची गुणवत्ता म्हणजे पुष्कळदा त्याच्या घरातील पुस्तकांची गुणवत्ता असते. ज्याची आई शिकलेली, ज्याच्या बापाला मुलाशी बोलावयास फुरसत आहे, त्याचा निबंध बरा उतरणारच. आपण बक्षीस मुलाला देतो असे म्हणतो आणि ते जाऊन पोहोचते त्याच्या परिस्थितीला. तेव्हा निव्वळ समतेचाच आग्रह असेल तर सर्वांची नावे एका मडक्यात घालून चिठ्ठी काढावी हे उत्तम. तीत कोणाचा अपमान नाही, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला गर्व करावयासही जागा नाही.

तरीही चिठ्ठी काढण्याचा विचार मनाला पटत नाही. का पटत नाही याचा शोध घेता एक साधे उदाहरण आठवले. घरात पाच मुले आहेत आणि एकाला बाजारात पाठवावयाचे आहे. आई चिठ्ठ्या काढीत नाही. सर्वांत लाडका किंवा सर्वांत हुशार कोण हेही ती पाहत नाही. सांगितलेले ध्यानात ठेवील, वाटेत रेंगाळणार नाही, उरलेले पैसे मोजून परत आणील, अशा मुलाला ती पिशवी देते. बाकीच्या चौघांना त्यात अन्याय वाटत नाही, कारण बाजारातून येणारा गूळ पाचांच्याही ताटात पडणार असतो. तोच मुलगा गूळ वाटेतच खाऊन आला तर मात्र ती निवड अन्यायाची ठरते. म्हणजे निवड न्याय्य की अन्याय्य हे निवडीच्या दिवशी ठरत नाही. मुलगा परत आल्यावर ठरते.

बक्षीस आणि कामगिरी यांतील भेद हाच होय. बक्षीस हाती पडले की व्यवहार पुरा होतो. कामगिरी हाती घेतल्याने सुरू होते, आणि परत येऊन हिशेब दिल्यावाचून ती संपत नाही. समतेवर उभ्या असलेल्या संस्थेला आपल्यांतील एकाला बक्षीस देऊन मोठे करण्याचा अधिकार असेल वा नसेल, पण सर्वांच्या वतीने एकाला पाठविण्याचा अधिकार निश्चित आहे. 'नेता' हा शब्द 'नेणे' या क्रियेपासून आला आहे. त्यात उंचीची कल्पना नाही, सोबतीची आहे. ज्याने कोणाला बरोबर नेले नाही आणि गेल्या ठिकाणाहून कोणासाठी काही आणले नाही, तो फार तर पुढे गेलेला माणूस म्हणावा.

दुसरा आक्षेप अधिक तिखट आहे. हा महासंघ अमेरिकेच्या संसदेपुढे वीज सहकारी संस्थांची बाजू मांडतो. कर्जे, दर, कायदे यांत त्याचे हितसंबंध गुंतलेले आहेत. अशा महासंघाच्या पाहुण्या म्हणून ही मुले लोकप्रतिनिधींच्या कचेऱ्यांत जातात. मग ही मुले विद्यार्थी म्हणावीत की बोलकी निवेदने? मनुष्याला केवळ साधन म्हणून वागवू नये, तो स्वतःच साध्य आहे, हे कांटचे वचन महाविद्यालयात आपण सर्वांनी पाठ केलेले असते. परंतु त्या वचनातील 'केवळ' हा शब्द मोलाचा आहे. शाळा चालविणारा, शिष्यवृत्ती देणारा, इतकेच काय मुलाला वाढविणारा बापही मुलाकडून काही अपेक्षा ठेवतोच. अपेक्षेने दान दूषित होत नाही. प्रश्न विचारण्याची मोकळीक काढून घेतल्याने होते. अशी सहल करून आलेल्या मुलाने आपल्याच संस्थेच्या सभेत उभे राहून, "इतके सभासद असताना संचालकांच्या निवडणुकीला इतके थोडे लोक मत का देतात?" असे विचारले, आणि संचालकांनी ते मनापासून ऐकून घेतले, तर तो साधन नव्हता. सभासदांच्या अनास्थेची तक्रार तेथेही जुनीच आहे, म्हणून हे उदाहरण घेतले.

आणि ध्वजाविषयीही असेच म्हणावे लागेल. ज्या जॉन्सन यांनी मुलांना ध्वजाचा अर्थ पाहावयास पाठवा म्हटले, तेच १९६३ च्या नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष झाले. नागरी हक्कांचे मोठे कायदे त्यांनी केले, आणि १९६५ पासून व्हिएतनामच्या युद्धात फौजांमागून फौजाही त्यांनीच पाठविल्या. त्या युद्धात कामी आलेल्यांची अठ्ठावन्न हजारांहून अधिक नावे कोरलेली काळी भिंत १९८२ पासून वॉशिंग्टनमध्ये लिंकनच्या स्मारकापासून थोड्याच अंतरावर उभी आहे. त्या बागेतून हिंडणारी खेड्यांतील मुले तीही पाहतात. लिंकनच्या पायऱ्यांवर उभे राहून मन भरून येणे सोपे आहे. त्या भिंतीपाशी उभे राहून, आपल्याच वयाच्या आसपासची ही माणसे कोणाच्या शब्दावर गेली, असा प्रश्न ज्याला पडला, त्याने राजधानी खरी पाहिली. परत जाऊन सांगण्यासारखे काही असेल तर ते या दोन्ही मिळूनच आहे.

हा सर्व प्रकार परदेशातला, त्याचे आपल्याला काय, असे कोणी म्हणेल. पण या धाग्याचे एक टोक आपल्या नगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरात, येऊन पोहोचले होते. १९६० नंतरच्या दशकात त्याच अमेरिकी महासंघाचे तज्ज्ञ भारतात सल्लागार म्हणून आले. १९६९ साली केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन केले आणि पाच राज्यांत पाच प्रायोगिक वीज सहकारी संस्था निघाल्या. त्यांपैकी एक श्रीरामपूरची मुळा-प्रवरा संस्था. जेथे विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा केला, त्याच मुलखात शेतकऱ्यांची वीजसंस्थाही चालावी हे स्वाभाविकच होते. सुमारे चार दशके तिने वीज वाटली. २०११ साली ते काम राज्याच्या वीज वितरण कंपनीकडे गेले. माझे आजोळ त्याच टापूतले. आजोबांच्या घरी दिवा लागला तो या संस्थेचा, आणि ते विजेच्या बिलाला कधी 'सरकारचे बिल' म्हणत नसत, 'आपल्या सोसायटीचे बिल' म्हणत. संस्था गेली, ती 'आपल्या' मात्र माझ्या कानात राहिली आहे.

आता जे सांगावयाचे ते सांगण्यास थोडा संकोच वाटतो. पण त्या मुलीला जे उत्तर मी देऊ शकलो नाही त्याचे कारण येथेच आहे.

आमच्या स्वतःच्या गावात अशीच एक लहानशी सहकारी सोसायटी आहे, पीककर्ज आणि खते-बियाणे देणारी. मी दहावी झालो त्या वर्षी तिने आपल्या शिक्षण निधीतून एका विद्यार्थ्याला पुण्यास शिकावयास पाठविण्याचे ठरविले. सभासदांच्या मुलांतून शेवटी दोघे उरलो, मी आणि माझा एक वर्गमित्र. दोघांनी पंचांपुढे 'सहकार' या विषयावर बोलावयाचे होते. माझे वडील शिक्षक. माझे भाषण घोटीव झाले. वर्गमित्राच्या घरी कोरडवाहू तीन एकर. तो पाच मिनिटेही बोलला नाही. त्याने एवढेच विचारले की खताची गाडी आली म्हणजे पहिली पोती नेहमी पाटाच्या कडेच्याच शेतकऱ्यांच्या घरी का जातात. पंच हसले. निवड माझी झाली. ठरावात एक अट होती: शिक्षण पुरे झाल्यावर विद्यार्थ्याने वार्षिक सभेत येऊन आपण काय शिकलो ते सभासदांना सांगावे.

मी पुण्यास गेलो, पदवीधर झालो, स्पर्धापरीक्षा उत्तीर्ण होऊन केंद्र सरकारच्या एका खात्यात लिपिक म्हणून दिल्लीस आलो. सोसायटीची वार्षिक सभा सप्टेंबरात असते. पहिल्या वर्षी परीक्षा होती. दुसऱ्या वर्षी नवी नोकरी, रजा कशी मागावी असे वाटले. त्यानंतर दरवर्षी काही ना काही निघत गेले, आणि पुढे पुढे कारण शोधण्याचीही गरज भासेनाशी झाली. शिष्यवृत्ती हे माझे बक्षीस होते आणि ते मी मिळविले होते, अशी माझी समजूत होऊन बसली होती.

माझा वर्गमित्र तालुक्याच्या गावी सायकलने जाऊन शिकला. तो आज त्या सोसायटीचा चेअरमन आहे. गेल्या दिवाळीत गावी गेलो असता पारावर भेट झाली. माझ्या मनातील अपराध मी आडवळणाने बोलून दाखविला, म्हणालो, "खरं म्हणजे तेव्हा तुलाच पाठवायला हवं होतं." तो हसला. म्हणाला, "तुला पाठवलं ते बरंच झालं रे. मी गेलो असतो तर मीही आलो नसतो. पण एकदा सभेला येऊन सांग तरी, काय पाहिलंस ते. लोक अजून विचारतात."

लोक अजून विचारतात, हे वाक्य मी दिल्लीपर्यंत बरोबर घेऊन आलो.

अमेरिकेतील त्या वीज संस्थांविषयी वाचताना एका व्यवस्थेपाशी मी थबकलो होतो. संस्थेला वर्षाअखेर शिल्लक राहिली म्हणजे ती ज्याच्या त्याच्या वापराप्रमाणे सभासदांच्या नावे जमा होते आणि काही वर्षांनी परत केली जाते. पण पुष्कळ सभासद तोवर गाव सोडून गेलेले असतात. त्यांचा पत्ता लागत नाही, पैसे घेण्यास कोणी येत नाही. काही ठिकाणी असा बेवारस राहिलेला पैसा मुलांच्या शिक्षणाकडे वळविला जातो. म्हणजे जे परत आले नाहीत त्यांच्या पैशावर नवी मुले पाठविली जातात! वाचताना मला प्रथम हे समाधानकारक वाटले. गेलेला माणूस न कळत का होईना, काही देऊन जातो. पण थोड्या वेळाने जाणवले की हे समाधान माझ्यासारख्याने घेऊ नये. पैसा मागे राहिला तर संस्था तो कामी लावू शकते. परतून सांगावयाचे राहिलेले शब्द मात्र दुसऱ्या कोणाला कामी लावता येत नाहीत.

वाचकहो, आपल्यापैकी बहुतेकजण या ना त्या रीतीने पाठविलेले आहोत. कोणाला बहिणीचे लग्न लांबवून घरच्यांनी शिकविले, कोणाला गावच्या मास्तरांनी फी भरून परीक्षेला बसविले. पुढे निवडमंडळाच्या यादीत नाव आले आणि आपण स्वतःस निवडलेले समजू लागलो. मी असे म्हणत नाही की सर्वांनी नोकऱ्या सोडून गावी जाऊन राहावे. बदलीच्या माणसाला ते शक्य नाही आणि देशाची कामे कोणीतरी करावयासच हवीत. परंतु हिशेब देण्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही. वर्षातले दोन दिवस पुरतात.

आणि काय सांगावयाचे? पूर्वी मला वाटे, लिपिकाने काय पाहिले असणार! आता तसे वाटत नाही. कोणत्या मेजावर कागद अडतो, अर्जाला कोणते जोडपत्र लावले नाही म्हणजे तो सहा महिने पडून राहतो, कोणत्या पत्राला उत्तर मिळते आणि कोणत्या पत्राला मिळत नाही, हे मी रोज पाहतो. आमच्या गावचे अर्ज कोठल्यातरी कचेरीत अशाच एका जोडपत्रावाचून पडलेले असतील. सभासदांना राष्ट्रपतिभवनाच्या वर्णनापेक्षा हे ऐकणे अधिक उपयोगाचे होईल. खताच्या गाडीविषयीचा तो प्रश्न पंचांपुढे माझ्या मित्राने विचारला होता. त्याच जातीचे प्रश्न कोणत्या कागदावर आणि कोणाच्या नावे विचारावेत, एवढे तरी मला सांगता येईल.

त्या मुलीचा पत्ता मजजवळ नाही. भेटली तर सांगेन की चाळीसजणांना दिल्ली कशी दिसते हे सांगितले नाहीस तरी चालेल. तेथे त्यांच्यासाठी काय आहे आणि काय नाही, तेवढे सांग. सप्टेंबरासाठी आठ दिवसांच्या अर्जित रजेचा अर्ज मी दिला आहे. कारणाच्या रकान्यात काय लिहावे हे बराच वेळ सुचेना. 'घरगुती काम' असे लिहिले. ते खोटे आहे असे मला वाटत नाही.